अर्जुन ओळखण्यापासून लावण्यापर्यंत, झाडं नव्याने शिकणाऱ्यांसाठी

अर्जुनाच्या सालीची पावडर घरात डबीत आहे पण झाड दाखवा म्हटलं की गडबडतात अशी मंडळी आपल्याकडे भरपूर, आणि त्यात त्यांचा फार दोष पण नाही, शहरात अर्जुन असतो तो बागेत नाहीतर रस्त्याच्या कडेला, पाटीबिटी काही नसते, आणि जिथे तो खरा शोभतो त्या नदी-नाल्याच्या काठाला आपण बघतो ते पुलावरून गाडीत बसून. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून काढतोय. ज्यांना झाडं शिकायला सुरुवात करायचीये, किंवा ज्यांच्या शेतातून ओढा जातो आणि काठावर काय लावू असा प्रश्न पडलाय, अशांसाठी. एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, अर्जुन हे पाण्याजवळचं झाड आहे. कुठे शोधायचं, कुठे लावायचं, किती जगेल, सगळं त्यावरून ठरतं.

शास्त्रीय नाव टर्मिनालिया अर्जुना, कुळ कॉम्ब्रेटेसी. म्हणजे हिरडा, बेहडा, ऐन, किंजळ आणि तो मोठ्या पानांचा देशी बदाम, ही सगळी याची भावकी. मराठीत अर्जुन, अर्जुनसादडा, कुठे नुसतं सादडा, पूर्व विदर्भाकडे कहू पण ऐकायला मिळतं. घोळ असा आहे की सादडा हे नाव काही ठिकाणी ऐनालाही लावतात, त्यामुळे गावात कुणी "तो काय सादडा" म्हणून बोट दाखवलं तर मान डोलवा, पण जवळ जाऊन साल स्वतः बघा.

पायरी १: आधी खोड

नवीन माणूस पहिल्यांदा पानं बघतो. अर्जुनाच्या बाबतीत उलटं करायचं, खोडापासून सुरुवात करायची. साल गुळगुळीत, फिकट राखाडी, मध्येच हिरवट-गुलाबी झाक, आणि तिचे मोठमोठे पातळ पापुद्रे सुटून खाली पडतात, जिथला पापुद्रा नुकताच गेलाय तिथे आतला फिकट रंग दिसतो त्यामुळे खोडावर ठिगळं लावल्यासारखं वाटतं. जुन्या झाडाच्या बुंध्याला खाली पन्हाळ्या पडलेल्या असतात, म्हणजे मुळाजवळ खोड सरळ गोल नसून फाकलेलं, त्याला आधारमुळं म्हणतात, पुराच्या पाण्यात उभं राहायला ते कामाला येतं. खालच्या फांद्यांची टोकं जमिनीकडे झुकलेली असतात. उंची ६०-८० फूट सहज, चांगल्या जागी त्याहून जास्त.

आता ऐन. ऐनाची साल काळपट आणि खोल भेगांची, चौकटी चौकटी पडलेली, अगदी मगरीच्या पाठीसारखी. हा एक फरक लक्षात ठेवला की सालीवरूनच दहातली नऊ झाडं वेगळी करता येतात. शिवाय ऐन डोंगरउताराला, जंगलात आतपर्यंत सगळीकडे भेटतो, अर्जुन मात्र नाला सोडून फार लांब जात नाही. ताडोबा, पेंच, नागझिऱ्याकडे गेलात तर जिप्सी नाल्याजवळ थांबेल तेव्हा काठावर बघा, वाघ दिसला नाही तरी अर्जुन नक्की दिसेल. कोकणात अर्जुनापेक्षा किंजळ नि ऐनच जास्त नजरेस पडतात.

पायरी २: पान उलटं करा

पान लांबट, साधारण वीतभर किंवा त्याहून थोडं कमी, वरून हिरवं नि खालून फिकट, दोन पानं जवळजवळ समोरासमोर पण अगदी नेमकी नाही, थोडी मागेपुढे. कडेला वरच्या भागात बारीक दातरे असतात. पण एवढ्यावर कुणालाही खात्री होणार नाही, तशी पानं ढीगभर झाडांना असतात. खरी खूण आहे ती पान उलटं केल्यावर. देठ जिथे पानाला मिळतो तिथेच दोन बारीक गाठी दिसतात, फोडासारख्या, एक इकडे एक तिकडे. या ग्रंथी. नखाने चाचपडल्या तरी कळतात. ऐनाच्या पानालाही ग्रंथी असतात, पण त्या बहुतेक वेळा मधल्या शिरेवर, थोड्या वर सरकलेल्या नि देठावर उभ्या असल्यासारख्या. सुरुवातीला हे बघायला मोबाईलचा कॅमेरा झूम करून वापरा, दोन-चार पानं बघितली की डोळा बसतो.

बऱ्याच अर्जुनांच्या पानांवर भरपूर फोड दिसतात, पान वाकडंतिकडं झालेलं, मग लोक फोटो पाठवून विचारतात की झाडाला कॅन्सर झालाय का. तसं काही नाही, ट्रायोझा नावाचा एक बारीक किडा पानात घर करतो त्याच्या या गाठी. मोठ्या झाडाला फार फरक पडत नाही, औषध मारायची गरज नाही. टसर रेशीमवाल्यांना मात्र त्याचा त्रास होतो कारण त्यांचं सगळं पानावरच चालतं, ते पुढे येतंच.

पायरी ३: फळ मिळालं की विषय संपला

फळ लाकडी, साधारण इंच ते दोन इंच, आणि त्याला उभ्या पाच धारा, म्हणजे पाच पंख. स्टारफ्रूट सुकवून कडक केलं तर कसं दिसेल, तसं काहीसं. हे फळ झाडावर वर्षभर तरी कुठे ना कुठे लटकत असतं, आणि झाडाखाली पडलेलंही सापडतं, त्यामुळे ओळखायला सगळ्यात सोपं.

पण ऐनाच्या फळालाही पाचच पंख असतात! इथे भले भले फसतात. त्यामुळे दोन्ही फळं हातात घेऊन बघा. ऐनाचे पंख रुंद, पातळ, कागदी, आणि त्यावरच्या रेषा मधून कडेपर्यंत आडव्या सरळ जातात. अर्जुनाचे पंख अरुंद, जाड, चिवट, आणि रेषा वरच्या बाजूला वळत जातात. उन्हात तिरकं धरलं की रेषा स्पष्ट दिसतात. एकदा हे बघितलं की पुन्हा शंका राहत नाही. किंजळीचा प्रश्नच नाही, तिच्या फळाला एक पंख मोठा नि बाकीचे नावाला, आणि पावसाळ्यानंतर अख्खं झाड तांबूस-गुलाबी दिसतं.

गुगल लेन्सवर नुसता पानाचा फोटो टाकून "अर्जुन" आलं म्हणून खूश होऊ नका, ते ऐन, अर्जुन यांच्यात हमखास गोंधळतं. तीन फोटो काढायची सवय लावा, साल, पानाची मागची बाजू आणि फळ.

पायरी ४: कधी जायचं

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळायला लागतात, पण हा पळस-पांगाऱ्यासारखा एकदम उघडा पडणारा गडी नाही. काठावर पाणी टिकून असेल तर जुनी पानं जेमतेम गळतात तोवर नवी येतात, आणि कोरड्या जागी मात्र काही आठवडे चांगला खराटा होतो. म्हणजे एकाच नाल्यावर दोन अर्जुन वेगवेगळे दिसू शकतात, त्यावरून जमिनीखाली पाणी कुठे आहे त्याचा अंदाज जुनी माणसं बांधतात.

एप्रिल-मे हा बघायचा खरा सीझन. कोवळी पालवी, आणि फिकट पिवळसर-पांढरी बारीक फुलं, तुऱ्यांमध्ये. फुलाला पाकळ्याच नसतात, जे काही दिसतं ते पुंकेसर, एका फुलात दहा. लांबून काही खास नाही, जवळ गेलं की मधाचा वास येतो आणि मधमाश्यांचा आवाज. गंमत म्हणजे त्याच वेळी मागच्या वर्षीची तपकिरी फळंही फांदीवर असतात, कारण फळ पिकायला वर्षभर घेतो हा. पावसाळाभर फळं हिरवी, पुढच्या फेब्रुवारीपासून मे पर्यंत पिकून सुकून पडतात. म्हणजे ओळखही पटेल आणि बियाही मिळतील असं एकाच फेरीत हवं असेल तर एप्रिलच.

काठावर गेलातच तर शेजारीपण बघून घ्या. करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज, आणि पात्रात खडकात उगवणारी ती चिवट शेरणी. ही टोळी एकत्र दिसली की काठ अजून शाबूत आहे समजा. नुसती सुबाभूळ नि घाणेरी दिसली तर मग काय बोलायचं.

पायरी ५: बियांपासून रोप

नर्सरीतून रोप आणलं तरी चालतं, स्वस्त असतं, वनविभागाच्या नर्सरीत बहुतेक ठिकाणी मिळतं. पण बियांपासून करायला मजा येते आणि हे काही अवघड नाही, फक्त धीर लागतो.

मार्च ते मे मध्ये झाडाखाली पडलेली फळं वेचा, पूर्ण तपकिरी, सुकलेली. हिरवी तोडू नका. प्रत्येक फळ फिरवून बघा, बारीक भोक असेल तर टाकून द्या, आत कीड शिरलेली असते. एका किलोत साधारण १७५ ते ४५० फळं बसतात, आकारात एवढा फरक असतो झाडाझाडात, त्यामुळे किलोवर हिशेब करू नका. दोन-तीन चांगल्या, सरळ वाढलेल्या, निरोगी झाडांखालची घ्या, एकाच झाडाची नको.

मग भिजवणं. फळ कडक असल्यामुळे तसंच मातीत टाकलं तर कधी उगवेल सांगता येत नाही. कमीत कमी ४८ तास पाण्यात ठेवा, तीन-चार दिवस ठेवलं तर अजून बरं, पाणी रोज बदला नाहीतर वास मारतं. काही जण पाणी उकळून खाली उतरवतात, त्यात फळं टाकतात आणि त्याच पाण्यात गार होऊन भिजू देतात, त्यानेही उगवण सुधारते. फळं चुलीवर ठेवून उकळायची नाहीत, हे वेगळं सांगायला लागतं कारण लोक करतात.

पिशवीत माती, वाळू, शेणखत सारखं मिसळून भरा, फळ आडवं ठेवा आणि वर जेमतेम झाकेल एवढीच माती. ओल सतत पाहिजे. आठ-दहा दिवसांनी पहिले कोंब दिसायला लागतात पण सगळे एकदम येत नाहीत, दीड-दोन महिनेसुद्धा येत राहतात. इथे बहुतेकांचा धीर सुटतो, पंधराव्या दिवशी पिशव्या उकरून बघतात आणि उगवणारं बी मोडतात. बघू नका. पाणी घाला आणि विसरून जा.

पहिलं ऊन कडक लागतं त्यामुळे हिरव्या नेटखाली किंवा मोठ्या झाडाच्या पातळ सावलीत ठेवा. लहानपणी याला थोडी सावली चालते, पाण्याची ओढ मात्र अजिबात चालत नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत वर्षभराचं रोप होतं, तेच लावा. दोन महिन्यांचं कोवळं रोप थेट नदीकाठी लावून फोटो काढणं म्हणजे शेळ्यांना पार्टी.

पायरी ६: कुठे लावायचं, कुठे नाही

जागा: ओढ्या-नदीचा काठ, शेततळ्याची कड, पाटाशेजारी, विहिरीजवळचा ओलसर बांध, पावसाळ्यात पाणी साचून राहतं असा शेताचा कोपरा. पाणी साचलेलं तो सहन करतो, थोडी खारवट-चोपण जमीनही चालवून घेतो. पात्रात अगदी आत, जिथे दरवर्षी पुराची धार थेट बसते, तिथे लहान रोप टिकणार नाही, त्याच्या जरा वर लावा, मुळं स्वतःहून खाली पाण्याकडे जातात आणि काठ धरून ठेवतात.

दरवर्षी जूनमध्ये कुठल्यातरी उघड्या टेकडीवर मुरमाड जमिनीत अर्जुनाची रोपं लावलेली दिसतात, मोठा बॅनर, टी-शर्ट, आणि पुढच्या मे महिन्यात काड्या. आमच्या जवळच्या टेकडीवरही असंच झालं, कुणी केलं ते जाऊ दे. टेकडीला हिवर, खैर, मेडशिंगी, पळस अशी कोरड्या जमिनीची मंडळी आहेत की, त्यांना द्या ती जागा. तसंच घराच्या भिंतीला लागून, सेप्टिक टँकजवळ, विजेच्या तारांखाली नको. सोसायटीत लावायचा असेल तर मोकळा कोपरा हवा, हा ऐसपैस होणारा वृक्ष आहे, चार वर्षांनी फांद्या छाटत बसायचं असेल तर लावूच नका.

खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल, उन्हाळ्यात खणून तापू द्या, वरची माती आणि शेणखत घालून भरा, पहिला दमदार पाऊस झाला की लावा. दोन झाडांत निदान १५-२० फूट. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, नदीकाठ असला तरी, कारण मुळं अजून खोल गेलेली नसतात आणि मे महिन्यात पात्र कोरडं. बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन आणि भोवती काट्यांचं कुंपण, कारण गुरं-शेळ्या याचा पाला आवडीने खातात. तिसऱ्या वर्षापासून त्याचं तो बघतो. तोडला तरी बुंध्यापासून पुन्हा फुटतो, एवढा चिवट.

पायरी ७: सालीबद्दल जरा सविस्तर

अर्जुनारिष्ट, अर्जुनाचा क्षीरपाक, सालीचा काढा, हे आयुर्वेदात जुनं आहे, हृदयासाठी साल वापरायची परंपरा वाग्भट या जुन्या आयुर्वेदाचार्यापर्यंत मागे नेतात. सालीत टॅनिन भरपूर, कॅल्शियम भरपूर, शिवाय अर्जुनोलिक आम्ल, अर्जुनेटिन अशी याच्याच नावाची रसायनं सापडली आहेत. आधुनिक पद्धतीने काही छोट्या ट्रायल्सही झाल्या आहेत. पण छोट्याच. त्यावरून कुणी "अँजिओप्लास्टी टळते" असे फॉरवर्ड पाठवत असेल तर ते पुढे ढकलू नका.

क्षीरपाकाचं शास्त्रातलं प्रमाण माहीत असावं म्हणून सांगतो: एक भाग भरड साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, मंद आचेवर पाणी आटून दूध उरेपर्यंत उकळायचं आणि गाळायचं. किती नि किती दिवस घ्यायचं ते वैद्याने ठरवायचं. रक्त पातळ करायच्या, बीपीच्या, शुगरच्या गोळ्या चालू असतील, किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नका, आणि छातीत दुखत असताना काढा उकळत बसू नका, सरळ हॉस्पिटल. चालू गोळ्या बंद करून त्याऐवजी अर्जुन, हे तर अजिबातच नाही.

आता झाडाची बाजू. शहरातल्या बागांमधले अर्जुन जाऊन बघा, माणसाच्या हाताला येईल तेवढ्या उंचीपर्यंत सोललेले असतात. सकाळी फिरायला येणारी सभ्य माणसं खिशातून चाकू काढतात, दोन तुकडे पिशवीत. झाडाचं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं, सगळीकडून गोल साल काढली की मुळं उपाशी मरतात आणि झाड वरून हिरवं दिसत दिसत वाळतं. स्वतःच्या शेतातलं झाड असेल नि साल हवीच असेल तर पद्धत अशी: झाड चांगलं मोठं झालेलं पाहिजे, साल उभ्या पट्टीत काढायची, घेराच्या चौथ्या भागापेक्षा जास्त नाही, आतल्या लाकडाला पातं लागू द्यायचं नाही, आणि पुढच्या वेळी समोरची बाजू. साल परत भरते पण दोनेक वर्षं जातात. छाटलेल्या फांद्यांची साल वापरता येत असेल तर खोडाला हातच लावू नका. आपोआप सुटून पडलेले पापुद्रे गोळा करून काढा करू नये, ती बाहेरची मेलेली साल, औषधात वापरतात ती आतली, तांबूस. जंगलातल्या झाडाची साल काढायला परवानगी लागते, आणि शहरात वृक्ष संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे.

विकत घेताना पावडरीपेक्षा सालीचे तुकडे घ्या, पावडरीत काय मिसळलंय ते कुणाला कळणार. तुकडा आतून तांबूस-गुलाबी, चव तुरट, जीभ आखडते.

पायरी ८: बाकीचे उपयोग

लाकूड कडक, जड, पाण्यात टिकाऊ. पूर्वी बैलगाडीचे भाग, शेतीची अवजारं, होड्या, घराचे वासे याला वापरायचे. कापायला आणि वाळवायला त्रास देतं, फाटतं, त्यामुळे फर्निचरवाले सागाकडेच जातात. साल कातडी कमावायला, आणि सुती कापडाला तपकिरी-खाकी छटा द्यायला. पाला चारा म्हणून.

पण नदीकाठाच्या माणसांना याने खरे पैसे दिलेत ते टसर रेशमाने. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात ऐन आणि अर्जुनावर टसरचे किडे पाळतात, पिढ्यानपिढ्या हे काम करणाऱ्यांत ढिवर समाज मोठा. तुतीचं रेशीम घरात ट्रेमध्ये होतं, टसरचं तसं नाही, अळ्या उघड्यावर झाडावरच सोडतात. हिरवीगार जाड अळी, अंगावर चकचकीत ठिपके, पानं संपली की तिला दुसऱ्या झाडावर न्यायचं, आणि दिवसभर पाखरं, मुंग्या, गांधीलमाश्या हाकलत बसायचं. शेवटी ती कोष विणते, अंड्याएवढा, टणक, आणि त्याला एक देठ असतो ज्याच्या टोकाची रिंग फांदीभोवती इतकी घट्ट आवळलेली असते की कोष हाताने ओढून निघत नाही, फांदीच कापावी लागते. टसर किड्याच्या या भागातल्या एका वाणाला भंडारा हेच नाव आहे. आरमोरी, आंधळगाव इथे टसरचं कापड विणतात, बाजारात कोसा म्हणून मिळतं ते हेच.

यासाठी अर्जुन मोठा वाढू देत नाहीत, दाट लावतात आणि छाटून डोक्याएवढाच ठेवतात, म्हणजे हात पोचतो आणि कोवळा पाला भरपूर मिळतो. पूर्व विदर्भात जमीन असेल आणि करून बघायचं मनात असेल तर जिल्ह्याच्या रेशीम कार्यालयात जाऊन अंडीपुंज, म्हणजे टसरच्या किड्याची अंडी, कधी मिळतात ते विचारा, रेशीम संचालनालय नागपूरला आहे, आणि टसरवर संशोधन करणारी केंद्राची संस्था रांचीला. झाडं आज लावली तरी पाला काढण्याजोगी व्हायला तीन-चार वर्षं धरून चाला, तोवर मधल्या ओळींत दुसरं पीक घेता येतं.